छोट्या विमानाचं इंजिन हवेत बंद पडलं तर काय करायचं

इंजिन बंद पडलं म्हणजे विमान दगडासारखं खाली येत नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. सेसना १७२ सारखं विमान वारा नसेल तर हजार फुटांमागे अडीच किलोमीटरच्या वर तरंगत जातं, म्हणजे ५००० फुटांवर असाल तर हातात पाच-सहा मिनिटं आहेत.

सगळ्यात पहिले नाक खाली करा. लगेच. सेसना १७२एस चा ग्लाइड स्पीड, म्हणजे इंजिनाशिवाय सगळ्यात लांब तरंगत जायचा वेग, ६८ नॉट्स आहे, तुमच्या विमानाचा मॅन्युअलमध्ये बघून पाठच करून ठेवा, तो स्पीड पकडा आणि ट्रिम (नाक त्याच जागी धरून ठेवणारं चाक) लावा म्हणजे हात मोकळे राहतात. जमीन जवळ यायला लागली की नाक वर ओढावंसं वाटतं, पण तसं केलं की स्पीड जातो, विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल जाते, आणि कमी उंचीवर सावरायला जागाच नसते.

मग शेत शोधा. लांब, मोकळं, वाऱ्याच्या तोंडाकडे उतरता येईल असं, नांगरलेलं असेल तर नांगराच्या तासांच्या (सऱ्यांच्या) दिशेनेच उतरायचं. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत हो, खांब दिसतात, म्हणून खांब बघा. एकदा ठरवलं की उगाच बदलत बसू नका.

शेताकडे जाता जाता इंजिन चालू होतंय का बघा. कार्ब्युरेटर असेल तर त्यातला बर्फ वितळवणारी कार्ब हीट आधी ओढा कारण इंजिन गार झालं की ती उष्णताही जाते, मग फ्युएल सिलेक्टर दुसऱ्या टाकीवर, मिक्श्चर (इंधन-हवेचं मिश्रण) रिच, फ्युएल पंप ऑन, मॅग्नेटो (ठिणगी देणाऱ्या दोन यंत्रणा) बोथवर. कितीदा तरी भानगड नुसती रिकाम्या टाकीची असते!

वेळ असेल तर रेडिओवर १२१.५ या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर मेडे (मदतीची हाक), आणि रडारला विमानाची ओळख देणाऱ्या ट्रान्सपॉन्डरवर ७७०० हा आणीबाणीचा कोड. पण बोलण्याच्या नादात स्पीड सोडायचा नाही.

उतरायच्या आधी फ्युएल, मिक्श्चर, मॅग्नेटो बंद, पट्टे घट्ट, दार थोडं उघडं, नाहीतर आपटल्यावर जाम होतं. मास्टर स्विच (विमानातल्या विजेचा मुख्य स्विच) मात्र फ्लॅप्स, म्हणजे पंखांमागच्या झडपा, पूर्ण खाली आल्यावरच बंद करा, सेसनात ते विजेवर चालतात.

आणि टेकऑफनंतर लगेच बंद पडलं तर मागे वळू नका, प्लीज. रनवे जवळ वाटतो, पण वळताना उंची भराभर जाते आणि तिथेच माणसं जीव गमावतात. नाक खाली, समोर किंवा थोडं डावी-उजवीकडे जे मोकळं दिसेल तिथे उतरा, विमान मोडलं तर मोडू दे.