इलेक्शन सर्वे करताय? मग या चुका टाळा

दर निवडणुकीला नवीन पोरं सर्वेच्या कामाला येतात आणि त्याच त्याच चुका करतात, म्हणून लिहून टाकतो.

पहिली चूक, "कोणत्या पक्षाला मत देणार?" एवढंच विचारायचं आणि पुढचं दार वाजवायचं. २०२४ च्या लोकसभेला शिरूर मतदारसंघात आमच्या एका पोराने दिवसभरात ढीगभर फॉर्म आणले, बऱ्याच जणांचं उत्तर "राष्ट्रवादी" आणि याने टॅबवर सरळ घड्याळ दाबलेलं. अरे, पक्ष फुटलेला, तिथं उमेदवार अमोल कोल्हे पण राष्ट्रवादीचे (शरद पवारांच्या) आणि समोरचे आढळराव पण राष्ट्रवादीचेच (अजित पवारांच्या)! दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्याच घरांत परत गेलो. एक आजोबा म्हणाले, "आमचं घड्याळच, साहेबांचं." आता साहेब म्हणजे शरद पवार, त्यांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस आणि घड्याळ गेलेलं अजितदादांकडे, मग आजोबांचं मत धरायचं कुठं? चिन्हांचे फोटो पुढं धरले तेव्हा ते कितीतरी वेळ बघत बसले आणि मग तुतारीवर बोट ठेवलं. पोराचे सगळे फॉर्म मी बाद केले. तेव्हापासून उमेदवाराचं नाव आणि चिन्ह दोन्ही दाखवल्याशिवाय मी एक उत्तर लिहू देत नाही, वेळ लागतो तर लागू दे.

दुसरी, नवरा दारात उभा असताना बाईला विचारायचं. ती त्याच्याकडे बघूनच उत्तर देते, ते उत्तर त्याचं असतं. लोकनीती ही सर्वे करणारी संस्था, ते लोक नमुन्याची मतपत्रिका आणि पेटी देतात ते याचसाठी, आपणही कागद हातात द्यावा आणि तोंड फिरवून उभं राहावं.

एसटी स्टँडवर उभं राहून कोटा, म्हणजे ठरवून दिलेली माणसांची संख्या, पूर्ण करू नका. वस्तीवर जा, दुपारी नाही, संध्याकाळी जा, माणसं तेव्हा रानातून घरी येतात.

टक्क्यांवरून जागा काढायची घाई तर अजिबात नको. त्याच लोकसभेला राज्यात आघाडी ३०, महायुती १७, पण मतांतला फरक दीड टक्क्याच्याही आत, आणि हजार माणसांच्या सर्वेत चूकच तीन टक्के इकडेतिकडे असते. मुंबई उत्तर पश्चिमला तर निकाल ४८ मतांनी लागला, कुठला सर्वे पकडणार ते? आणि लोकसभेचा जूनचा आकडा नोव्हेंबरच्या विधानसभेला वापरू नका, त्याच वर्षी विधानसभेला महायुतीच्या तिन्ही पक्षांच्या मिळून २३० जागा आल्या.

शेवटचं, "सांगणार नाही" म्हणणाऱ्यांना बाकीच्यांच्या प्रमाणात वाटून टाकू नका, तो आकडा वेगळाच लिहा आणि रिपोर्टच्या पहिल्या पानावर टाका.