चपडा लाखेचं पॉलिश हाताने कसं चढवायचं

हाताने मारायच्या पॉलिशला १ लिटर डीनेचर्ड स्पिरिटला (पिण्यालायक नसलेलं अल्कोहोल) १५० ग्रॅम चपडा (पातळ पापुद्र्यांची लाख) हे प्रमाण धरा. चपडा चुरून काचेच्या बरणीत टाका. लोखंडी डबा नको, त्यात पॉलिश काळं पडतं. झाकण लावून रात्रभर ठेवा आणि अधूनमधून हलवा, नाहीतर तळाशी गोळा बसतो. लवकर विरघळावं म्हणून आचेजवळ न्यायचं नाही, स्पिरिट पेट घेतं. मग मलमलच्या फडक्यातून गाळा आणि बरणीवर तारीख लिहा. भिजवलेली लाख सहा महिन्यांनंतर भरवशाची राहत नाही. शंका आली तर काचेवर थेंब पसरून पाहा. दुसऱ्या दिवशीही नखाचा ठसा उमटला तर ते पॉलिश फेकाच, कितीही वाळवलं तरी चिकटच राहील.

लाकूड १२०, १८०, २२० नंबरच्या पॉलिश पेपरने याच क्रमाने घासा, तेही लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. आडवे ओरखडे कोऱ्या लाकडावर लपतात आणि पॉलिश चढलं की उठून दिसतात. सागासारख्या उघड्या छिद्रांच्या लाकडाला आरशासारखी चकाकी हवी असेल, तर आधी लाकडाच्या रंगाची लांबी (छिद्रं बुजवायची पुट्टी) भरून घ्यावी लागते. पॉलिशचे पहिले दोन हात (थर) ब्रशने द्या, तासाभराने ३२० नंबरच्या पेपरने हलकं घासून धूळ पुसा.

पुढचं काम बोळ्याचं. कापसाचा बोळा जुन्या, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा, तळाला एकही चुणी नको. पॉलिश आतल्या कापसावर ओता, वरचं कापड बुडवू नका. कागदावर दाबल्यावर ओलसर डाग उमटावा, थेंब सुटू नये. बहुतेकांचं काम इथेच बिघडतं, कारण बोळा फार ओला असतो. बोळा हलता ठेवूनच लाकडावर टेकवा आणि हलता असतानाच उचला. क्षणभर जरी थांबलात, तरी स्पिरिट खालचा थर विरघळवतं, कापड चिकटतं आणि विणीचा ठसा उमटतो. हात बरोबर चालला असेल तर बोळ्यामागे पुसट धुरकट पट्टा दिसून लगेच विरतो.

बोळा अडकायला लागला तर तळाला जवसाच्या तेलाचा एकच थेंब लावा. आधी लहान वर्तुळं, मग आठाचा आकडा, शेवटी सरळ हात. सात-आठ पातळ हात झाले की रात्रभर थांबा. शेवटी जेमतेम ओलसर स्पिरिटच्या बोळ्याने वरचं तेल उचलून घ्या. तेलाची फडकी चुरगळून टाकू नका, आपोआप पेटू शकतात, पसरून वाळवा.

दमट हवेत पॉलिश पांढुरकं पडतं. कोरड्या दिवशी स्पिरिटचा हलका हात फिरवला की ते बहुधा जातं, पण मुळात पावसात हे काम काढूच नये. जेवणाच्या टेबलाच्या फळीलाही हे पॉलिश नको. गरम भांड्याने आणि पाण्याने डाग पडतात. कपाट, खुर्ची, पेटी यांना मात्र उत्तम, कारण पुढे ओरखडा आला तरी सगळं खरवडावं लागत नाही: नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो.