पोहणाऱ्या मुलांचे खांदे: ड्रायलँडचं (पाण्याबाहेर, जमिनीवर करून घ्यायच्या व्यायामाचं) काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

25 मीटरच्या तलावात फ्रीस्टाइल करणारा तेरा-चौदा वर्षांचा मुलगा एका फेरीत साधारण 16 ते 20 हात मारतो. म्हणजे एका खांद्याच्या वाट्याला 8 ते 10. सराव 5000 मीटरचा असेल तर 200 फेऱ्या, आणि एकेका खांद्याची 1600 ते 2000 आवर्तनं. आठवड्याला सहा सराव धरले तर आकडा दहा-बारा हजारांच्या घरात जातो. सगळा सराव फ्रीस्टाइलचा नसतो हे खरं, पण बटरफ्लाय किंवा बॅकस्ट्रोक लावला म्हणून खांद्याची सुटका होत नाही.

यातल्या प्रत्येक आवर्तनात पाणी मागे ढकलायचं मुख्य काम छातीचा मोठा स्नायू आणि लॅट्स (पाठीचे रुंद स्नायू) करतात. हे दोन्ही स्नायू दंड आतल्या बाजूला फिरवतात आणि अंगाशी ओढतात. त्यामुळे ही ताकद मुलाला रोज पाण्यातच मिळते, न मागता. दंड बाहेर फिरवणाऱ्या स्नायूंचं तसं नाही. हात पाण्याबाहेरून पुढे आणताना समोर फक्त हवा असते. हंगाम पुढे सरकतो तशी आत फिरवणारी ताकद वाढत जाते, बाहेर फिरवणारी मागे पडते आणि दोन्हींतलं अंतर रुंदावतं. म्हणून या वयोगटाच्या ड्रायलँडचा पाया एकच ठेवावा: पाणी जे देत नाही, ते जमिनीवर द्यायचं. नवीन लोकांचा कल नेमका उलटा असतो. मुलं पोहतात तर ओढण्याची ताकद वाढवू, असं म्हणून ते बेंच प्रेस आणि लॅट पुलडाउनपासून सुरुवात करतात.

खांद्याची रचना थोडक्यात. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि त्याची खोबण उथळ. एका वेळी गोळ्याचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग तिच्यात टेकलेला असतो. हा गोळा मधोमध धरून ठेवायचं काम रोटेटर कफचे चार स्नायू करतात: सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस. पण खोबण ज्या फऱ्यावर (खांद्यामागच्या चपट्या हाडावर) आहे तो फराच हलता आहे. हात डोक्यावर गेला की फऱ्याने वर फिरायला हवं आणि मागे झुकायला हवं. ते काम सेरेटस अँटीरियर (बरगड्यांपासून फऱ्यापर्यंत जाणारा स्नायू) आणि ट्रॅपेझियसचा (मानेपासून पाठीपर्यंतच्या स्नायूचा) खालचा भाग करतो. फ्रीस्टाइलच्या जवळपास पूर्ण आवर्तनात सेरेटस काम करत राहतो, त्याला विसावा असा मिळतच नाही. तो थकला की फरा वेळेवर फिरत नाही आणि गोळ्यावरचे मऊ भाग चिमटायला लागतात. मूल खांद्याच्या पुढच्या किंवा वरच्या भागावर बोट ठेवून ‘इथे दुखतं’ म्हणतं, तेव्हा पुष्कळदा मूळ पाठीकडे असतं.

मोजणी

व्यायाम ठरवण्याआधी मोजा. हातात धरायचा डायनॅमोमीटर (जोर मोजायचं यंत्र) पुरेसा आहे, पण पद्धत एकदा ठरली की बदलू नका. सोपी पद्धत अशी: मुलाला उताणं झोपवा, दंड बाजूला 90 अंशांत, कोपर 90 अंशांत, कोपरापुढचा हात सरळ छताकडे. बाहेर फिरवण्याची ताकद मोजताना यंत्राचं पॅड मनगटापासून जरा कोपराकडे, हाताच्या मागच्या बाजूला. आत फिरवण्याची मोजताना तळहाताच्या बाजूला. ‘हळूहळू जोर लाव’ असं सांगून दोन सेकंदांत पूर्ण जोरावर आणायचं आणि तीन सेकंद धरायचं. दोन प्रयत्नांमध्ये 30 सेकंद विश्रांती, एकूण तीन प्रयत्न. तिन्हींत 10 टक्क्यांहून जास्त फरक पडला तर चौथा घ्या.

इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, मोजणाऱ्याचाच हात मागे सरकतो. सोळा-सतरा वर्षांच्या चांगल्या जलतरणपटूची आत फिरवायची ताकद इतकी असते की हाताने यंत्र धरणाऱ्याला ते रोखता येत नाही, आणि मग यंत्रावर दिसतो तो मोजणाऱ्याचा जोर. अशा वेळी यंत्र पट्ट्याने भिंतीला किंवा टेबलाला बांधून घ्या. दुसरी, सरावानंतर मोजणी. मोठा सेट झाल्यावर कफ थकलेला असतो, आकडा कमीच येणार. मोजणी सरावाआधी करा, शक्यतो हलक्या दिवसानंतर आणि दर वेळी त्याच वेळेला. हंगामात तीनदा पुरे: सुरुवातीला, मध्यावर आणि टेपर (मुख्य स्पर्धेआधी सराव कमी करत नेण्याचा काळ) लागण्याआधी.

आता आकड्यांचं काय करायचं? समजा बाहेर फिरवताना 90 न्यूटन आले आणि आत फिरवताना 125. गुणोत्तर 0.72. साधारण 0.66 ते 0.75 ही पट्टी वापरली जाते, पण झोपून, बसून, दंड अंगाशी ठेवून असं काही बदललं की गुणोत्तरही बदलतं, म्हणून दुसऱ्या ठिकाणच्या आकड्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. त्याच मुलाच्या मागच्या आकड्याशी करा. आणखी एक सापळा: आत फिरवायची ताकद दुखण्यामुळे किंवा आजारपणामुळे घटली तरी गुणोत्तर ‘सुधारतं’. त्यामुळे दोन्ही मूळ आकडे शेजारी लिहिलेले हवेत.

वाढत्या वयात नुसते न्यूटन फसवतात. कोपराच्या टोकापासून पॅडच्या मध्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा. ते 22 सेंटिमीटर असेल तर 90 गुणिले 0.22, म्हणजे 19.8 न्यूटन-मीटर. वजन 48 किलो असेल तर किलोमागे 0.41. सहा महिन्यांनी हात एक सेंटिमीटरने लांबला, वजन 52 किलो झालं आणि यंत्रावर पुन्हा 90 च आले, तर गणित होतं 20.7 न्यूटन-मीटर, किलोमागे 0.40. यंत्र म्हणतं ‘जैसे थे’. प्रत्यक्षात शरीर वाढलं आणि ताकद त्याच्यामागे धावतेय. उंची आणि वजन दर तीन महिन्यांनी लिहायचं ते एवढ्यासाठी.

व्यायाम

सगळ्यांत आधी कुशीवर झोपून दंड बाहेर फिरवणं. वरच्या हाताचं कोपर 90 अंशांत, कोपर आणि बरगड्यांच्या मध्ये टॉवेलची गुंडाळी. सुरुवात अर्ध्या किलोने. डंबेल नसेल तर पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली चालते. दोन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली. 12 ते 15 वेळा, तीन सेट, मध्ये 45 ते 60 सेकंद. शेवटच्या दोन वेळा जड वाटाव्यात, पण हालचाल बदलता कामा नये. व्यायामाच्या लागोपाठ दोन दिवशी 15 स्वच्छ झाले की अर्धा किलो वाढवा.

टॉवेल कशाला, असं मुलं विचारतातच. वजन जड झालं की कोपर बरगड्यांपासून सुटतं, टॉवेल पडतो आणि तुमच्या लक्षात येतं की काम आता डेल्टॉइडकडे (खांद्यावरच्या मोठ्या स्नायूकडे) गेलं. दुसरी लबाडी म्हणजे संपूर्ण धड मागे कलंडणं. मुलाच्या पाठीमागे बसा, कंबरेवर हलका हात ठेवा, लगेच कळतं. तिसरी मनगटाची: मनगट मागे वळवून हात ‘वर गेला’ असं भासवलं जातं. तिन्ही चुकांवर उपाय एकच, वजन कमी करणं. रंगीत रबरी बँड वापरत असाल तर तो किती लांबवर ताणायचा, ते जमिनीवर खूण करून ठरवा. एकाच रंगाचा बँड दोन पावलं मागे सरकलं की वेगळाच व्यायाम होतो.

सेरेटससाठी पुश-अप प्लस. पुश-अपच्या वरच्या स्थितीत कोपरं सरळ ठेवून पाठ छताकडे ढकलायची, म्हणजे दोन्ही फरे एकमेकांपासून लांब जातात. मग सावकाश परत. भिंतीवर 15 जमले की बाकावर, तिथून जमिनीवर. कोपर वाकवून नुसते पुश-अप मारणाऱ्या मुलाला वाटतं तो हाच व्यायाम करतोय. फऱ्यांच्या कडा बघा, बोट लावून बघा. त्यांची हालचाल दिसली नाही तर सेट धरू नका.

बाकी रोइंग (वल्हं मारल्यासारखं बँड किंवा वजन अंगाकडे ओढणं), पालथं झोपून वाय आणि टी (हात इंग्रजी Y आणि T च्या आकारात उचलणं). त्यात मान आखडून खांदे कानांकडे चढू द्यायचे नाहीत, इतकंच. हे सगळं दोन-तीन महिने नीट झाल्यावर दंड 90 अंशांत ठेवून बँडने बाहेर फिरवणं घ्या, कारण पाण्यातल्या स्थितीच्या ते जास्त जवळचं आहे.

आठवड्यात दोन-तीन दिवस, दर वेळी 20 मिनिटं. कफ थकवणारा व्यायाम सरावाच्या तोंडावर कधीच नको. थकलेला कफ घेऊन मूल पाण्यात उतरलं तर आपणच धोका वाढवला. आधी हलक्या बँडचा दहाचा एक सेट, मुख्य काम पोहून झाल्यावर किंवा वेगळ्या वेळी. स्पर्धेच्या दिवसांत हे काम पूर्ण बंद करायची पद्धत सर्रास दिसते आणि ती मला चुकीची वाटते. आठवड्यातून एकदा तरी चालू ठेवा, सेट कमी करा.

पुल-अप आणि वजनं वर्ज्य नाहीत. वजनं उचलल्याने उंची खुंटते ही समजूत पालकांमध्ये अजून घट्ट आहे. योग्य देखरेखीखालच्या व्यायामाने असं होत नाही, हे त्यांना शांतपणे सांगावं लागतं. मात्र ओढण्याच्या प्रत्येक सेटमागे बाहेर फिरवण्याचा किंवा रोइंगचा एक सेट असू द्या.

एक गोष्ट ठामपणे थांबवा: जोडीदाराने मागून दोन्ही हात धरून ते पाठीमागे खेचण्याचं स्ट्रेचिंग. पोहणाऱ्यांत सैल सांध्यांची मुलं पुष्कळ असतात. सांधे किती सैल आहेत ते सांगणारी नऊ गुणांची बाइटन चाचणी दोन मिनिटांत होते. गुण जास्त आले तर त्या मुलाला खांद्याच्या पुढच्या भागाचा ताण मुळीच नको, त्याला सांधा धरून ठेवणारी ताकद हवी.

पाण्यात काय बघायचं

मुख्य प्रशिक्षकाच्या कामात ढवळाढवळ न करता चार गोष्टी काठावरून टिपता येतात. हात अंगठ्याकडून पाण्यात जातोय का. त्यात दंड आधीच आत फिरलेला असतो. हात डोक्यासमोरची मध्यरेषा ओलांडतोय का. अंग दोन्ही बाजूंना पुरेसं वळतंय का. न वळणाऱ्या मुलाला हात पुढे आणण्यासाठी खांदाच ताणावा लागतो. आणि श्वास कायम एकाच बाजूला आहे का. या खुणा सराव संपत येताना बघा, पहिल्या दहा मिनिटांत सगळेच छान पोहतात.

पॅडल्स (सरावात तळहातांना बांधायच्या तबकड्या) तळहातापेक्षा किंचितच मोठे हवेत. सुट्टीनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ते पिशवीतच राहू देत. मोठ्या सुट्टीनंतर जुनं अंतर एकदम गाठायचा हट्ट, हे दुखण्याचं नेहमीचं कारण. मुलींमध्ये उंचीचा झपाटा साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास येतो, मुलांमध्ये चौदाव्या. त्या काळात हात लांब होतात आणि ताकद मागाहून येते, म्हणून अंतर वाढवण्याची घाई तेव्हा तरी नको.

दुखलं तर

दोन्ही खांद्यांच्या स्नायूंत जडपणा, दुसऱ्या दिवशी कमी होणारा: हा थकवा. एकाच खांद्यात टोकदार कळ, प्रत्येक कॅचला (हात पुढे जाऊन पाणी पकडतो त्या क्षणी) येणारी, आणि सरावाबरोबर वाढत जाणारी: हे दुखणं. रात्री झोपमोड, बोटांत मुंग्या, खांदा निसटल्यासारखा वाटणं, हात उचलताच न येणं, किंवा दंडाच्या वरच्या टोकाशी हाडावर दाबल्यावर कळ, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी पाणी बंद आणि डॉक्टरांकडे. या वयात दंडाच्या वरच्या टोकाची वाढीची पट्टी अजून उघडी असते, तिची दुखापत व्यायामाने बरी करायचा प्रयत्न करू नये.

सौम्य दुखण्यात सगळ्यांत आधी पॅडल्स काढा, मग बटरफ्लाय, मग अंतर. नुसते पाय मारायला लावताना हात पुढे ताणून किकबोर्ड धरू देऊ नका. त्या स्थितीत खांदा तसाच दाबला जातो. हात अंगाशी ठेवून पाठीवर किक घ्या. परत येताना क्रम उलटा: आधी न दुखता निम्मं अंतर, मग पूर्ण, मग वेग, त्यानंतर बटरफ्लाय. पॅडल्स सगळ्यांत शेवटी, आणि त्याआधी दुखऱ्या बाजूचे दोन्ही आकडे पुन्हा मोजून हंगामाच्या सुरुवातीच्या नोंदीशेजारी लिहा.