‘बँक’चा माग काढायचा तर

इंग्रजीत नदीचा काठ म्हणजे बँक, पैसे ठेवतात तीही बँक आणि ओळीने बसवलेल्या स्विचांचीही बँकच. हे एकाच शब्दाचे तीन अर्थ, की तीन वेगळे शब्द?

मोठा इंग्रजी कोश उघडला की शब्दाच्या डोक्यावरचा बारीक आकडा आधी बघा. बँक १, बँक २, बँक ३ अशा नोंदी दिसल्या, तर कोशकारांनी ते वेगळे शब्द धरले आहेत. एकाच नोंदीखालचे १, २, ३ हे मात्र अर्थ. आकड्यांचा क्रम कोशागणिक बदलतो, म्हणून नोंद आकड्यावरून नव्हे, अर्थावरून शोधा.

मग व्युत्पत्तीचा कंस. तो शेवटापर्यंत वाचा. बहुतेकांची चूक इथेच होते. पैशाची बँक पंधराव्या शतकाच्या अखेरीस इटालियन ‘बांका’वरून आली. बांका म्हणजे सराफाचं बाकडं, ज्यावर नाणी मांडून तो मोड द्यायचा. काठ या अर्थाची बँक स्कँडिनेव्हियन वळणाची, १२००च्या सुमाराची. ओळीची बँक फ्रेंच ‘बां’ची, म्हणजे पुन्हा बाकडंच. पहिल्या पायरीवर थांबलात तर तिन्ही परके वाटतात. खाली उतरलात की तिघांच्या बुडाशी एकच जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मन ज्या कुळातल्या त्या कुळातला, मूळ शब्द सापडतो. ‘बेंच’ त्याच घरातला, ‘बँक्वेट’ (मेजवानी)ही. ‘बँकरप्ट’ (दिवाळखोर) म्हणजे शब्दशः मोडलेलं बाकडं. त्यातला ‘प’ लॅटिन ‘रुप्ता’ (मोडलेली) या शब्दाच्या नादाने मागाहून घुसला.

कंसातल्या रूपाआधी चांदणी (*) असेल तर ते रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, भगिनीभाषांची तुलना करून बांधलेलं आहे. आणि सन दिसला तर तो शब्दाच्या जन्माचा नव्हे, पहिल्या लेखी पुराव्याचा. शब्द तोंडी त्याआधीच रुळलेला असतो.

अर्थांचा क्रमही तपासा. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशात जुना अर्थ आधी येतो, विद्यार्थ्यांच्या कोशांत सहसा जास्त वापरातला. विद्यार्थी-कोशातला पहिला अर्थ मूळ समजून पुढचे अर्थ त्यातून काढत बसलात, तर वाट चुकलीच.

राहिला उच्चारसाम्याचा मोह. त्याची परीक्षा मराठीतच घ्या. शाळेतला ‘बाक’ पोर्तुगीज ‘बांको’वरून आला, म्हणजे तो इंग्रजी बँकेचा नात्याने भाऊ. ‘पाठीला बाक आलाय’ मधला बाक मात्र ‘वाकणे’, ‘वाकडा’ यांच्या कुळातला, संस्कृत ‘वक्र’कडे जाणारा. दोन्ही बाक लिहायला, बोलायला तंतोतंत सारखे, पण नातं शून्य. ‘बाकावर बसून पाठीला बाक येतो’ ही कोटी म्हणून झकास आहे, व्युत्पत्ती म्हणून नाही. उलट बँक आणि बाक कानाला तितके जुळत नाहीत, तरी सख्खे निघतात. म्हणून दोन शब्द जोडण्याआधी प्रत्येकाची वाट स्वतंत्र लिहून काढा, कुठली भाषा, कुठलं शतक, तेव्हा अर्थ काय. वाटा प्रत्यक्ष एकमेकींना मिळतील तिथेच नातं माना.