जुन्या 'एडिशन पीटर्स' स्वरलिपीचा काळ कसा ओळखावा

लाइपझिगच्या पीटर्स प्रकाशनाची जुनी स्वरलिपी हाती आल्यास केवळ मुखपृष्ठावरील आवृत्ती क्रमांकावरून तिचा काळ ठरवू नये, कारण तो पुनर्मुद्रणांतही सहसा तसाच राहतो. पानांच्या तळाशी असलेला प्लेट क्रमांक, म्हणजे छपाईसाठी कोरलेल्या धातूच्या प्लेटचा क्रमांक, पाहावा; मात्र त्यावरून ती प्लेट कोरल्याचा काळ समजतो, छपाईचा नव्हे. 'एडिशन पीटर्स' ही मालिका १८६७ मध्ये सुरू झाल्याने प्रत त्याआधीची असू शकत नाही. त्यानंतर प्रकाशनस्थळ सावकाश वाचावे. तेथे न्यूयॉर्क असेल, तर प्रत १९४८ किंवा त्यानंतरची समजावी. कारण नाझींनी संस्था हिसकावल्यानंतर आणि तिचे मालक हेन्री हिनरिक्सन यांची १९४२ मध्ये आउश्वित्झ येथे हत्या झाल्यानंतर, त्यांचे पुत्र वॉल्टर यांनी त्या शहरात ती नव्याने उभारली.