संत्र्याला पाणी बुडाशी नको, सावलीच्या कडेला द्या

एप्रिल लागला की काटोल, नरखेड, वरूड, मोर्शीकडच्या बागांत अंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलांची, फळे झाडावर असतात आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. पाणी कमी पडले की फळगळ आलीच. पण पाणी किती दिले यापेक्षा ते कुठे दिले, हे आधी पाहा.

बुडाशी असतात ती झाड धरून ठेवणारी जाड मुळे. पाणी ओढतात ती धाग्यासारखी पांढरट मुळे, आणि ती बहुतेक वरच्या फूट-दीड फूट मातीत पसरलेली असतात. भर दुपारी झाडाच्या सावलीची कड पडते तिथे खुरपीने वीतभर उकरा, हाताला लागतील. म्हणून आळे दुहेरी करा: खोडाभोवतीचे आतले कोरडे, बाहेरच्यात पाणी. ठिबक असेल तर ड्रिपरही कडेकडे सरकवा. लावताना खोडाशी ठेवलेली नळी झाड दहा वर्षांचे झाले तरी तिथेच, हे बागोबाग दिसते.

पाणी वर चढते ते मुख्यतः पानांच्या ओढीने. पानाच्या खालच्या बाजूच्या बारीक छिद्रांतून वाफ निघते, तसे खालून पाणी ओढले जाते. उन्हातल्या एका फांदीला प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवा, थोड्याच वेळात आत थेंब जमतील. झाडाने घेतलेले ९५ टक्क्यांहून जास्त पाणी असेच उडते. त्यानेच पान थंड राहते, त्यामुळे ते वाया गेले असे समजू नका.

दुपारी पाने वळली म्हणून लगेच मोटार सुरू करू नका. कडक उन्हात छिद्रे मिटतात, पाने वळतात. सकाळीही वळलेलीच दिसली, तर ओल खरोखर कमी आहे. भारी काळ्या जमिनीत तर जास्त पाणी घातकच, मातीतली हवा निघून जाते आणि मुळे गुदमरतात. ओल असूनही झाड मलूल दिसते ते यामुळे. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात क्षारांमुळेही तसेच होते, तिथे बोअरचे पाणी तपासूनच ओलित करा.

जमीन भेगाळू देऊ नका, भेगांत बारीक मुळे तुटतात. आळ्यात सोयाबीनचे कुटार (भुसा) तीन-चार इंच पसरा, पण खोडाला टेकवू नका. पाणी संध्याकाळी किंवा पहाटे द्या. बुड ओले राहिले की डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, येतो, म्हणून पावसाळ्याआधी खोडाला जमिनीपासून तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम लावा: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर.