मोठा फिश टँक घरात कुठे ठेवायचा? या चुका टाळा

टँक ऑर्डर झालेला असतो, काचा चिकटवून तयार असतात, उद्या टेम्पो येणार असतो आणि आज मेसेज येतो, "दादा, हॉलमध्ये ठेवू की बेडरूममध्ये?" अरे, हा प्रश्न टँकची साइज ठरवायच्या आधीचा आहे. जागा आधी, टँक नंतर. हे मी इतक्या जणांना सांगितलंय की आता एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी वजन बघा. चार बाय दोन बाय दोन फुटी टँक म्हणजे 16 घनफूट, काठोकाठ भरला तर साधारण 450 लिटर, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. 12 एमएमची काच असेल तर रिकामा टँकच 90 किलोच्या आसपास जातो. त्यात वाळू, दगड, स्टँड, फिल्टर धरला की 650 किलोच्या घरात आलात, आणि हे सगळं बसतं फक्त 8 चौरस फुटांत. आपल्याकडे आयएस 875 मध्ये, म्हणजे इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानक कोडमध्ये, घरातल्या खोल्यांसाठी चौरस मीटरला 2 किलोन्यूटन म्हणजे ढोबळ 200 किलो लाइव्ह लोड (माणसं, सामान यांचा भार) धरतात, आणि टँकखालच्या जागेवर येतं चौरस मीटरला साडेआठशे किलोच्या वर. म्हणजे ठेवला की स्लॅब पडला असं अजिबात नाही, भार आजूबाजूच्या स्लॅबवर आणि बीमवर पसरतो. पण तो नीट पसरायचा तर खाली जवळ बीम पाहिजे, म्हणून तर जागेसाठी एवढा जीव काढतोय.

यावर ठरलेलं उत्तर येतं, की सत्यनारायणाला आमच्या हॉलमध्ये तीस माणसं बसतात, तेव्हा काही होत नाही. माणसं जेवून घरी जातात हो. पाणी वर्षानुवर्षं तिथेच उभं असतं, आणि काँक्रीटवर भार कायमचा राहिला की ते हळूहळू वाकत जातं, इंजिनियर लोक त्याला क्रीप म्हणतात.

आता सगळ्यात जास्त दिसणारी आणि मला सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक: आत घेतलेल्या बाल्कनीत टँक ठेवणं. पुण्या-ठाण्याकडे जुन्या फ्लॅटमध्ये हॉलची बाल्कनी आत घेऊन हॉल मोठा केलेला असतो. फरशी सलग, पीओपी सलग, नवीन भाडेकरूला कळतही नाही की शेवटचे चार फूट बाहेर लोंबकळतायत. आणि खिडकी, उजेड, मोकळी भिंत बघून सगळ्यांना टँकसाठी नेमकी तीच जागा आवडते.

माझ्या ओळखीतल्या एकाने तिथेच पाच फुटी टँक लावला होता, ऑस्कर या मोठ्या माशांची जोडी होती, काळजीनं सांभाळायचा. एक दिवस त्याचा फोन, टँक गळतोय बहुतेक, पाणी पुढे कमी दिसतंय आणि मागे जास्त. गेलो तर गळती कुठेच नव्हती. पाण्याची रेघ खिडकीच्या बाजूला काठाच्या अगदी जवळ आणि हॉलच्या बाजूला बोटभर खाली. मी खाली वाकून फरशी बघितली, तर पूर्वी जिथे बाल्कनीचा दरवाजा होता बरोबर त्या रेषेत टाइल्सचा जोड एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत उघडलेला, पोस्टकार्ड आत जाईल एवढा. खालच्या मजल्यावर जाऊन विचारलं तर ते म्हणाले, हो, आमच्या बाल्कनीच्या छताचे पोपडे पडतायत, आम्हाला वाटलं पावसामुळे. त्या रात्री आम्ही आधी मासे पाण्याच्या निळ्या ड्रममध्ये टाकले, वर जाळी बांधली कारण ऑस्कर उडी मारतो, आणि मग पाइप लावून सगळा टँक बाथरूममध्ये रिकामा केला. दुसऱ्या दिवशी सोसायटीने बोलावलेल्या इंजिनियरने बघून स्पष्ट सांगितलं, इथे आता कपाटसुद्धा नको.

कारण समजून घ्या. बाल्कनी कँटिलिव्हर असते, एका बाजूला धरलेली, दुसरी बाजू मोकळी. भार आला की तिची वरची बाजू ताणली जाते, म्हणून मुख्य सळई स्लॅबच्या वरच्या अंगाला असते आणि चीरही वरूनच पडते, मग फरशी पुसताना, पाणी बदलताना सांडलेलं पाणी त्या चिरेतून थेट सळईपर्यंत जातं, सळई गंजते. काही जण हुशारीने सांगतात की कोडमध्ये बाल्कनीला खोलीपेक्षा जास्त, 3 किलोन्यूटन धरलाय. धरलाय ना, पण तो माणसांच्या गर्दीसाठी. तुम्ही तिथे आधीच विटांची भिंत, स्लाइडिंग, नवीन फरशी चढवलीय, मग टँकसाठी शिल्लक काय राहिलं? बाल्कनीत मोठा टँक नाही म्हणजे नाही, यात माझ्याशी वाद घालू नका.

मग कुठे? मान वर करून आपल्याच छताला बीम कुठून गेलेत ते बघा. मजले एकसारखे असतील तर तुमच्या फरशीखालीही साधारण तिथूनच बीम गेलेले असतात. पीओपीमुळे दिसत नसेल तर सोसायटीकडे नकाशे असतात, ते मागा. तुमच्या खाली पार्किंग किंवा दुकानं असतील तर खालून जाऊनच बघा, तिथे रचना वेगळी असू शकते. कॉलमजवळचा कोपरा, टँकची लांब बाजू बीमवरच्या भिंतीला लागून, ही माझी पहिली पसंती. खोलीच्या मधोमध पार्टिशनसारखा टँक फोटोत छान दिसतो, पण तो स्लॅबच्या मधल्या, सगळ्यात जास्त वाकणाऱ्या भागावर येतो. तळमजला असेल तर उत्तमच. लाकडी तुळयांचा जुना वाडा किंवा चाळ असेल तर दोन फुटी टँकवर समाधान माना. इमारत 30 वर्षांच्या पुढची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का विचारा, आणि चार फुटाच्या वर जायचं असेल तर इंजिनियरला पैसे देऊन घरी बोलवा. टँक विकणारा "काही होत नाही" म्हणतो कारण फरशी त्याची नसते.

दुसरी चूक फरशी आणि स्टँडची. चार पायांचा लोखंडी स्टँड म्हणजे एकेका पायाखाली दीडशे किलोच्या वर, तेही इंचभर चौकोनी पाइपवर. व्हिट्रिफाइड टाइलखाली माल नीट भरलेला नसेल तर ती कधीतरी फुटणार, आणि एक पाय दोन एमएम खचला तरी टँकला पीळ बसतो, मग सिलिकॉनचा जोड सुटतो किंवा तळाची काच जाते. मी प्रत्येक टाइल नाण्याने वाजवून बघतो, पोकळ आवाज आला की ती जागा बाद. स्टँडला खाली सलग चौकट घ्या किंवा 19 एमएमचा मरीन प्लाय टाका, पार्टिकल बोर्ड नको, पाणी लागलं की तो फुगतो. टँक आणि स्टँडच्या मध्ये थर्माकोलची शीट. त्यानंतर पाव टँक भरा, चारही कोपऱ्यांत काठापासून पाण्यापर्यंत पट्टीने मोजा आणि दुसऱ्या दिवशी परत मोजा. फरक आला तर पाणी काढा आणि पॅकिंग स्टँडच्या खाली द्या, टँकच्या खाली कधीच नाही. लोकांना त्याच संध्याकाळी मासे सोडायचे असतात आणि नेमकी हीच पायरी गाळली जाते. एक दिवस थांबवत नसेल तर मासे पाळूच नका, पुढे सायकलिंगला, म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणू टँकमध्ये तयार व्हायला, काही आठवडे थांबायचंय.

जागा पक्की करण्याआधी मी फरशीवर तांब्याभर पाणी ओततो आणि ते कुठे वाहत जातं ते बघतो. बाथरूमकडे गेलं तर चांगलं. पलंगाखाली, लाकडी फ्लोअरिंगकडे किंवा स्विचबोर्डाच्या दिशेने गेलं तर दुसरी भिंत शोधा, कारण आज ना उद्या पाणी सांडणारच आहे.

प्लगचं पण ऐका. एक्स्टेन्शन बोर्ड फरशीवर किंवा टँकखालच्या कपाटात नको, सॉकेट बाजूला आणि वर. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबू द्या आणि मग वर न्या, म्हणजे वायरवरून आलेला थेंब खालीच गळतो. घरात 30 मिलीअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, नसेल तर आधी तो बसवा, नंतर मासे. एअर पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवत असाल तर नळीत नॉन रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर लाइट गेली की पाणी उलटं पंपात येतं.

पश्चिमेची खिडकी टाळा, मे महिन्यात पाणी तापतं, तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो आणि शेवाळ वेगळंच. मच्छरचं लिक्विड मशीन त्या खोलीत नकोच, त्यातलं औषध माशांना विषारी असतं आणि एअर पंप तीच हवा पाण्यात सोडतो. स्वयंपाकघराजवळ फोडणीच्या तेलाचा तवंग पाण्यावर येतो. वास्तूवाले ईशान्य सांगतात, जरूर ठेवा, पण त्या कोपऱ्यात बाल्कनी असेल तर मी वर लिहिलेलं आधी वाचा.

मागे सहा इंच आणि वर किमान फूट-दीड फूट जागा सोडा, नाहीतर फिल्टर काढता येत नाही आणि हात तळापर्यंत पोचत नाही. गणपतीची आरास त्याच भिंतीला करत असाल किंवा दिवाळीआधी रंग काढायचा असेल तर ते आत्ताच ठरवा, कारण भरलेला टँक सरकवायचा नसतो, अर्धा भरलेलासुद्धा नाही. आणि ऑर्डर देण्याआधी लिफ्ट, जिन्याचं वळण आणि मुख्य दरवाजा टेप लावून मोजा, सहा फुटी टँक बहुतेक लिफ्टमध्ये मावत नाही.